तपासणाऱ्यांचा प्राध्यापक : हाइनरिश बार्कहाउजेन

पुण्याजवळच्या निगडीत बार्कहाउजेन हे नाव दोन प्रकारच्या माणसांच्या तोंडी येतं. एक, इंजिनिअरिंगची मुलं. ऑसिलेटरचं प्रकरण सुरू झालं की बार्कहाउजेनचा निकष आलाच : लूप गेन एक हवा, फेज शिफ्ट शून्य किंवा ३६० अंश हवी. प्रश्न परीक्षेत येतो म्हणजे येतोच, त्यामुळे निकष पाठ असतो आणि त्याचा धनी कोण हे विचारायला कुणाला सवड नसते. दुसरी माणसं भोसरी, तळवडे, चाकण इथल्या कारखान्यांत क्वालिटीला असतात. गिअर, कॅमशाफ्ट किंवा क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगवरून उतरला की तो जळला तर नाही ना, हे पाहायचं एक यंत्र त्यांच्यापैकी काहींकडे असतं. सेन्सर जॉबवर टेकवायचा, पडद्यावर आकडा वाचायचा. या तपासणीचं नाव बार्कहाउजेन नॉइज. पहिल्यांना वाटतं हा कुणी गणिती असणार, दुसऱ्यांना वाटतं ही कंपनी असणार. एका भल्या माणसाने मला 'बार्कहाउजेनचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्यात बसतो का?' असं मनापासून विचारलं होतं. बार्कहाउजेन १९५६ मध्येच वारले, हे सांगताना मला उगाचच अपराधी वाटलं.

ही पुस्तिका या दोघांसाठी आहे. विद्युत अभियांत्रिकीच्या एका जर्मन प्राध्यापकाचं चरित्र मराठीत आणि तेही निगडीत बसून का लिहावं, असा प्रश्न इथे फारसा पडू नये. या पट्ट्याला जर्मनी परकी नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची तीनचाकी बनू लागली ती जर्मन टेम्पोच्या सहकार्याने. पिंपरीत केएसबीचे पंप बनतात. मर्सिडीज आधी टेल्कोच्या आवारात जुळू लागली, मग २००९ मध्ये चाकणला गेली. त्याच वर्षी तिथे फोक्सवॅगनचा कारखानाही उभा राहिला. जर्मन ड्रॉइंग वाचणारी, जर्मन मशीनचा आवाज ओळखणारी माणसं यमुनानगरच्या आणि प्राधिकरणाच्या कितीतरी घरांत आहेत. मात्र त्या ड्रॉइंगच्या आणि मशीनच्या मागे जी शिकवण्याची परंपरा आहे, तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मशीन आलं, मॅन्युअल आलं, प्राध्यापक तिकडेच राहिले.

बार्कहाउजेन यांचा जन्म २ डिसेंबर १८८१ चा, ब्रेमेनचा. वडील न्यायाधीश. शिक्षण म्युनिक, बर्लिन असं फिरत झालं आणि ग्योटिंगेनला येऊन स्थिरावलं. तिथे हेर्मान थिओडोर सिमोन यांच्या हाताखाली त्यांनी १९०७ मध्ये डॉक्टरेट केली. विषय होता विद्युत आंदोलनं निर्माण कशी होतात. त्या काळी बिनतारी संदेशासाठी ठिणग्या पाडत, कमानदिवे वापरत, पण एखादं मंडल आपलं आपण डोलत कसं राहतं याचा नीट हिशेब कुणी मांडलेला नव्हता. बार्कहाउजेन यांनी तो हिशेब मांडायला घेतला. पुढे तो व्हॉल्व्हच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन नलिकांच्या, मंडलांना लागू झाला, आणि आजची मुलं पाठ करतात तो निकष याच विचारातून आला. तो आवश्यक आहे, पुरेसा नाही; निकष पाळूनही मंडल ढिम्म राहू शकतं. ही गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही आणि प्रयोगशाळेत मात्र हटकून अनुभवाला येते. आरसी फेज शिफ्ट ऑसिलेटरला २९ गेन लागतो हे वहीत लिहून ठेवलेली मुलं ब्रेडबोर्डपुढे तासभर हात चोळत बसलेली मी पाहिली आहेत.

डॉक्टरेटनंतर चार वर्षं बर्लिनला सीमेन्स अँड हाल्स्के या कंपनीत नोकरी. आणि १९११ मध्ये, तिशीही उलटली नव्हती तेव्हा, ड्रेस्डेनच्या तांत्रिक महाविद्यालयात प्राध्यापकपद. त्यांच्यासाठी जो विभाग उघडला गेला तो तार, टेलिफोन, बिनतारी यांचा होता. या विषयासाठी स्वतंत्र पीठ असं जगात तोवर कुठेच नव्हतं. त्या काळी वीज म्हणजे जनित्रं, मोटारी, ट्राम. आपल्याकडेही त्याच वर्षी लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. हजारो अश्वशक्तीच्या त्या जमान्यात कानाशी धरलेल्या रिसीव्हरमधल्या इवल्याशा प्रवाहाला विद्यापीठात खुर्ची द्यायची, हा ड्रेस्डेनचा निर्णय धाडसाचाच म्हणायला हवा. बार्कहाउजेन त्या खुर्चीवर १९५३ पर्यंत राहिले. मधे दोन महायुद्धं झाली, चार राजवटी बदलल्या.

त्यांच्याकडे दुरून विद्यार्थी येत. १९१३ मध्ये जपानहून हिदेत्सुगु यागी आले. पुढच्या वर्षी ते सुट्टीसाठी स्वित्झर्लंडला गेले असताना महायुद्ध पेटलं, ड्रेस्डेनला परतता येईना, म्हणून ते लंडनला आणि तिथून अमेरिकेला गेले. जपानला परतल्यावर यागी आणि त्यांचे सहकारी शिंतारो उदा यांनी जो अँटेना काढला तो आपल्या पिढीने गच्चीवर चढून हाताने फिरवला आहे. सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून बसवलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या काड्या एके काळी निगडीच्या प्रत्येक इमारतीवर होत्या, 'आलं का?' 'नाही, अजून मुंग्या आहेत,' हा संवाद खालून वर, वरून खाली चाललेला असे. उदा तर १९५५ नंतर काही वर्षं दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून होते. ड्रेस्डेनच्या त्या वर्गाचा एक धागा असा आपल्या गच्चीपर्यंत आलेला आहे.

पण ज्यासाठी मी हे चरित्र लिहायला घेतलं, ते १९१९ चं एक तीन पानी टिपण. 'फिजिकालिशे त्साइटश्रिफ्ट' या नियतकालिकात ते छापलं गेलं. नव्या प्रवर्धकांच्या मदतीने सापडलेल्या दोन घटना, एवढंच त्याचं शीर्षक सांगतं. प्रवर्धक म्हणजे आपण ज्याला अँप्लिफायर म्हणतो तो. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तेव्हा नवाकोरा होता आणि युद्धाने तो घाईघाईने पिकवला होता. टिपणातल्या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. एक लोखंडाच्या आत घडते, दुसरी पृथ्वीच्या बाहेर. दोन्हींना जोडणारं एकच : कानाला लावलेला टेलिफोन रिसीव्हर आणि तो लावून बसलेला माणूस.

पहिली घटना अशी. पातळ तारेच्या गुंडाळीत लोखंडाचा तुकडा ठेवायचा. गुंडाळीची टोकं अँप्लिफायरला, अँप्लिफायर रिसीव्हरला. मग एक चुंबक हळूहळू जवळ आणायचा. चुंबकत्व सलग चढत असेल तर काही ऐकू यायला नको. प्रत्यक्षात खरखर ऐकू येते. चुंबक थांबवला की खरखर थांबते, हलवला की पुन्हा सुरू. लोखंड झटक्याझटक्याने चुंबकित होतं, असा त्याचा अर्थ. पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये म्हटलं होतं की लोखंडात आधीपासूनच चुंबकित असलेले छोटे छोटे प्रदेश असतात. तो अंदाज होता, आता त्याचा आवाज ऐकू आला. या प्रदेशांमधल्या सीमा सरकतात तेव्हा त्या जागोजागी अडतात : धातूतल्या एखाद्या दोषाशी, कार्बाइडच्या कणाशी, कणांच्या शिवेशी. स्टीलच्या कपाटाचा गंजलेला खण ओढताना तो जसा अडून अडून एकदम पुढे येतो, तसं. जोर वाढत जातो, अडथळा सुटतो, सीमा उडी मारते, गुंडाळीत क्षणभर विद्युतदाब निर्माण होतो. असल्या असंख्य उड्यांची ती खरखर. हा सीमांचा उलगडा पुढच्या तीसेक वर्षांत इतरांनी केला. त्याचं श्रेय बार्कहाउजेन यांच्या पदरात टाकण्याचं कारण नाही.

दुसरी घटना युद्धातली. शत्रूच्या खंदकातले टेलिफोन चोरून ऐकण्यासाठी जर्मन सैन्य जमिनीत दोन खुंट्या ठोकून त्यांना अँप्लिफायर जोडत असे. अधूनमधून बोलण्याऐवजी एक शीळ ऐकू येई, उंच सुरापासून सुरू होऊन खाली उतरत जाणारी, सेकंद-दोन सेकंदांची. तोफगोळे उडताना ऐकू येतात, असं सैनिक आपापसात म्हणत. बार्कहाउजेन यांनी उपकरणात दोष आहे का हे आधी पाहिलं, तो नाही असं ठरलं, आणि ते या शिळेच्या मागे लागले. तिचा संबंध वातावरणाशी असावा इथवर ते पोचले. १९३० मध्ये पुन्हा त्यावर लिहिलं. पुरता उलगडा १९५३ मध्ये केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी केला. वीज कडाडते तेव्हा निघालेल्या रेडिओ लहरी पृथ्वीच्या चुंबकी रेषेवरून अवकाशात हजारो किलोमीटर जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत उंच सुराच्या लहरी आधी पोचतात, खालच्या मागे रेंगाळतात, म्हणून शीळ उतरती. खंदकातल्या सैनिकाला गोळा वाटला तो दुसऱ्या गोलार्धातल्या कडकडाटाचा अवशेष होता. आपल्याकडे गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे बनारस हिंदू विद्यापीठाच्या लोकांनी या शिळा नोंदवल्या आहेत.

तिसरी एक गोष्ट १९२० ची. व्हॉल्व्हमध्ये निर्वात नीट झाला आहे का, हे तपासण्याची एक रीत होती : ग्रिडला धन दाब, ॲनोडला ऋण. असं तपासताना आकडे पटेनात. बार्कहाउजेन आणि कार्ल कुर्त्स यांनी शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की इलेक्ट्रॉन ग्रिडच्या अलीकडे-पलीकडे झोके घेत आहेत आणि त्या काळच्या मानाने फारच आखूड लहरी निर्माण होत आहेत. १९३१ मध्ये डोव्हर आणि कॅले यांच्यामध्ये साधारण १८ सेंटिमीटरच्या लहरींवर बोलणं झालं ते याच तऱ्हेच्या व्हॉल्व्हवर. पुढे मॅग्नेट्रॉन आला आणि ही वाट बंद पडली.

यातून मला दिसतो तो शोधक कमी आणि तपासनीस जास्त. मी हे कौतुक म्हणून म्हणतो. आयुष्य क्वालिटीत काढलेल्या माणसाला तपासनिसाची किंमत कारखान्यात काय असते ते ठाऊक आहे. प्रॉडक्शनचा आकडा फळ्यावर लिहितात, रिजेक्शन सांगायला गेलेल्याला 'तुमचा मीटर आधी तपासा' असं ऐकवतात. एका ठिकाणी मी अडवून धरलेला लॉट रात्रीच्या शिफ्टमध्ये पॅक होऊन गेला होता. सकाळी रिकामा पॅलेट पाहिला. अशा जागी बार्कहाउजेन यांचं वागणं मला फार उपयोगाचं वाटतं. न पटणारा आकडा आला की ते आधी मीटरवर संशय घेत, तो निर्दोष ठरला की आकड्यावर विश्वास ठेवत, आणि मग सोडत नसत. मोजण्यासारखं काही दिसलं की त्यांना त्याचं माप हवं असे. आवाजाची तीव्रता माणसाच्या कानाला जशी लागते तशी मोजण्यासाठी फॉन हे एकक सुचवलं तेही त्यांनीच. आणि शिकवणं तर सततचं. इलेक्ट्रॉन नलिकांवरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ म्हणजे ड्रेस्डेनच्या व्याख्यानांची पक्की बैठक. १९३३ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सने त्यांना लीबमन पारितोषिक दिलं.

ते साल जर्मनीत दुसऱ्याच कारणाने लक्षात राहिलं. हिटलर सत्तेवर आला आणि ड्रेस्डेनच्या त्याच संस्थेतून भौतिकीचे प्राध्यापक हॅरी डेंबर यांना काढण्यात आलं. ते इस्तंबूलला गेले. १९३५ मध्ये रोमान्स भाषांचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेंपरर यांची नोकरी गेली. त्यांनी त्या वर्षांची रोजनिशी लपवून लिहिली, ती आज जगभर वाचतात. बार्कहाउजेन यांची खुर्ची शाबूत राहिली. चरित्र लिहिताना या बारा वर्षांवरून झरझर पुढे जाण्याचा मोह होतो, आणि तंत्रज्ञांची चरित्रं बहुधा तसंच करतात. मी ती वर्षं गाळलेली नाहीत, पण बार्कहाउजेन यांना धीरोदात्त ठरवण्याचा खटाटोपही केलेला नाही.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्बवर्षाव झाला. संस्था जळाली, उपकरणं गेली. १९४६ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, बार्कहाउजेन परत आले आणि त्यांनी रशियनांच्या ताब्यातल्या त्या शहरात विभाग पुन्हा उभा करायला घेतला. १९४९ मध्ये पूर्व जर्मनीने त्यांना राष्ट्रीय पारितोषिक दिलं. २० फेब्रुवारी १९५६ रोजी ड्रेस्डेनलाच त्यांचं निधन झालं. विद्यापीठातल्या एका इमारतीला आज त्यांचं नाव आहे, आणि ते शहर युरोपातल्या चिप उद्योगाचं मोठं केंद्र आहे.

आता आपल्या पट्ट्याकडे. केस हार्डन केलेल्या गिअरचा दात शेवटी ग्राइंड करतात. व्हीलचं ड्रेसिंग लांबलं, कूलंटचा नोझल जरा हलला किंवा घाईत फीड वाढवला की घासण्याची उष्णता दाताच्या पृष्ठभागात शिरते. हार्डनिंगनंतर टेंपरिंग झालेलं असतं साधारण १६० ते २०० अंशांना; त्याच्या वर गेलं की कातडी मऊ पडते. फारच तापलं, सव्वासातशे अंशांच्या पलीकडे, तर कूलंटने ती पुन्हा कडक आणि ठिसूळ होते. डोळ्याला दोन्हीत काही दिसत नाही, दात आरशासारखा चकाकतो. गाडी रस्त्यावर आल्यावर कधीतरी तो पिटतो किंवा तुटतो.

हे पकडायची जुनी रीत नायटलची. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या सौम्य द्रावणात जॉब बुडवायचा, धुवायचा, मग हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात क्षणभर, पुन्हा धुवायचा, आम्ल मारायचं, तेलात टाकायचा. चांगला भाग सारखा करडा दिसतो, मऊ पडलेला काळपट, पुन्हा कडक झालेला पांढरट. रीत चांगली आहे, पण ती डोळ्यांवर चालते. तिसऱ्या पाळीतल्या ट्यूबलाइटखाली करडा आणि काळपट यांतला फरक माणसागणिक बदलतो, आणि आम्लाच्या वासाने तिथे कुणी थांबायला तयार नसतं.

बार्कहाउजेन नॉइजच्या यंत्रात १९१९ चाच प्रयोग आहे, फक्त चुंबक हाताने हलवायचा नाही. सेन्सरमधलं छोटं विद्युतचुंबक दाताचा पृष्ठभाग उलटसुलट चुंबकित करत राहतं आणि शेजारची गुंडाळी खरखर ऐकते. स्टील कडक असेल आणि त्यात दाबाचा ताण असेल, जसा चांगल्या केस हार्डन दातात हवा, तर सीमा फार अडतात आणि खरखर कमी. कातडी मऊ पडली किंवा ओढीचा ताण आला की सीमा मोकळ्या सुटतात, आकडा चढतो. सेन्सर दातावरून सरकवताना पडद्यावरची रेघ सपाट चाललेली असते आणि मधेच उंचवटा येतो, तिथे जळलेलं. हे सगळं पृष्ठभागाखाली मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागापर्यंतचं. त्याखालचा आवाज धातूतच विरतो.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून याची गरज वाढली आहे. इंजिनाचा आवाज गेला, त्यामुळे गिअरची कुरकुर ऐकू येऊ लागली, म्हणून अधिक गिअर ग्राइंड होऊ लागले. ग्राइंडिंग वाढलं की जळण्याची भीतीही वाढणारच. चाकणमध्ये हे यंत्र विकत घ्यायचा विचार करणाऱ्यांना एक सांगणं आहे : आकडा स्वतःहून काही सांगत नाही. मटेरियल बदललं, हीट ट्रीटमेंट बदलली, जॉबचा आकार बदलला की आकडा बदलतो. तुमच्याच कारखान्यातला खात्रीचा चांगला जॉब आणि मुद्दाम जाळलेला जॉब यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय मर्यादा ठरवू नका. आणि पुन्हा कडक झालेल्या डागावर आकडा उलट खाली येतो, भोवतीच्या मऊ कड्यावर चढतो. फक्त कमाल मर्यादा लावून बसलात तर सगळ्यात वाईट जॉब पास होऊ शकतो.

पुस्तिकेची सहा प्रकरणं आहेत. पहिली दोन चरित्राची, तिसरं व्हॉल्व्ह आणि निकष यांचं, चौथं त्या तीन पानी टिपणाचं, पाचवं १९३३ ते १९५६ चं, सहावं शॉप फ्लोअरचं. क्वालिटीतल्या मंडळींनी तिसरं सोडून दिलं तरी पुढे अडणार नाही. विद्यार्थ्यांनी मात्र ते सोडू नये. उत्तरपत्रिकेसाठी ते उपयोगी नाही, मंडल का डोलत नाही हे शोधण्यासाठी आहे.

चौथ्या प्रकरणाच्या शेवटी प्रयोग घरी करण्याची कृती दिली आहे. पुण्यात पासोड्या विठोबापाशी एनॅमलची पातळ तार आणि छोटा ऑडिओ अँप्लिफायर मिळतो. तारेचे दोन-अडीच हजार वेढे घ्यावे लागतील, ते हाताने मोजत बसू नका, ड्रिलला रीळ लावा. आत मऊ लोखंडाची तार घाला, खिळाही चालतो पण आवाज कमी येतो. जुन्या स्पीकरचा चुंबक हळू, फारच हळू जवळ आणा. चार्जर आणि ट्यूबलाइट बंद ठेवा, नाहीतर ५० हर्ट्झच्या गुणगुणण्याखाली काही कळणार नाही. नंतर त्याच गुंडाळीत पोलादाची कडक पट्टी, म्हणजे मोडलेल्या हॅकसॉचं पातं, घालून पुन्हा ऐका, आणि ते पातं गॅसवर लाल करून सावकाश थंड झाल्यावर तिसऱ्यांदा. तिन्हींतला फरक कानाला कळला तर सहावं प्रकरण तुम्हाला निम्मं आधीच समजलेलं असेल.